फोटोतली डावी कड

समुद्रकिनाऱ्यावरच्या एका लग्नातला फोटो आहे. सूर्य मावळतीला आलेला, वाऱ्यानं सगळ्यांचेच केस विस्कटलेले, मधोमध नवरा-नवरी आणि दोन रांगांत मिळून तीस-पस्तीस माणसं. सगळ्यांच्या अंगावर महिनोन् महिने विचार करून निवडलेले कपडे. डाव्या कडेला, मागच्या रांगेत, नवरीची मावशी उभी आहे. तिच्या अंगात विमानात घातलेला राखाडी टी-शर्ट आहे, त्यावर कुणाची तरी उसनी, रंगाला न जाणारी शाल. पायांतले जाड तळव्याचे बूट दिसू नयेत म्हणून ती पुढच्या माणसाच्या आडोशाला सरकली आहे. हसते आहे छान. पण बाकी सगळे कॅमेऱ्याकडे झुकलेत आणि ती अर्धं पाऊल मागे आहे. तिची बॅग दोन विमानांच्या मधल्या विमानतळावर राहून गेली होती. ती आली लग्न लागल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी.

हा फोटो खटकत राहतो, कारण यात कुणाची मोठी चूक नाही. तिकीट रीतसर होतं. दोन विमानांमध्ये एक तास दहा मिनिटांची फट होती आणि ती नियमात बसणारी होती. पहिलं विमान पस्तीस मिनिटं उशिरा उतरलं. मावशी धावत सुटली आणि दार बंद होता होता पोचली. बॅगेला मात्र त्या विमानातून उतरून, गाडीत चढून, तपासणीतून जाऊन दुसऱ्या विमानाच्या पोटात शिरायचं होतं आणि तेवढा वेळ तिला मिळाला नाही. रजा वाचावी म्हणून मावशीनं लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पोचायचं ठरवलं होतं. हिशेब चुकीचा नव्हता, फक्त त्यात काही बिघडायला जागाच ठेवलेली नव्हती.

एरवीच्या सहलीत बॅग दोन दिवस उशिरा आली तर चिडचिड होते, मग दोन कपडे विकत घेतले जातात आणि वर्षभरानं तोच किस्सा हसत सांगितला जातो. विमान चुकलं तर संग्रहालय उद्या बघता येतं. लग्न उद्या बघता येत नाही. परदेशातल्या लग्नाला जाणारा माणूस एकाच वेळी प्रवासी असतो आणि पाहुणाही, आणि या दोघांचे हिशेब जुळत नाहीत. प्रवाशाला स्वस्त तिकीट हवं असतं, कमीत कमी रजा हवी असते. पाहुण्याला एका ठरलेल्या घटकेला, ठरलेल्या जागी, शांत मनानं हजर असायचं असतं. तयारी करताना आपण बहुतेक वेळा प्रवाशाचंच ऐकतो.

म्हणून पहिली गोष्ट पोचण्याच्या दिवसाची. पहिला कार्यक्रम ज्या दिवशी असेल त्याच्या आधी किमान दोन रात्री तिथे काढता येतील असं तिकीट घ्यावं. एक रात्र विमान रद्द झालं तर पुढच्या दिवसाच्या विमानासाठी आणि एक रात्र बॅगेसाठी. मागे राहिलेली बॅग बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत येते, म्हणून हा आकडा. मधला थांबा अडीच-तीन तासांचा असावा, आणि संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असावा. दोन वेगवेगळी तिकिटं घेऊन पैसे वाचतात हे खरं, पण मग पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. त्यांच्या लेखी तुम्ही न आलेले प्रवासी. शिवाय अशा वेळी मधल्या विमानतळावर बॅग बहुधा स्वतः उचलून पुन्हा द्यावी लागते. त्यासाठी त्या देशाच्या इमिग्रेशनमधून बाहेर यावं लागतं, आणि त्या देशाचा व्हिसा लागत असेल तर प्रवास तिथेच संपतो. बहुतेक ठिकाणी नुसतं विमान बदलायला व्हिसा लागत नाही, बाहेर पडायला लागतो, आणि हा फरक तिकीट काढताना पडद्यावर कुठेच ठळक दिसत नाही. काही देश तर विमान बदलण्यासाठीही काही देशांच्या नागरिकांकडून ट्रान्झिट व्हिसा मागतात.

शेवटच्या टप्प्याचा विचार सगळ्यात कमी होतो. लग्नासाठी जागा निवडल्या जातात त्या देखण्या असतात म्हणून, आणि देखण्या जागा सहसा विमानतळाशेजारी नसतात. मालदीवमधल्या दूरच्या बेटांवर पाण्यावर उतरणाऱ्या सी-प्लेननं जावं लागतं आणि ती विमानं फक्त उजेडात उडतात. आंतरराष्ट्रीय विमान दुपारी साडेतीन-चारनंतर उतरलं तर ती रात्र बहुधा राजधानी माले किंवा शेजारच्या हुलहुमालेमध्ये काढावी लागते. तिकीट काढणाऱ्याला वाटत असतं आपण आज पोचलो. सी-प्लेनचं सामानही साधारण २० किलो आणि हातातलं ५ किलो एवढंच धरलेलं असतं, मोठ्या विमानानं ३० किलो चालवून घेतलं असलं तरी. बालीत न्येपी या मौन पाळण्याच्या सणाच्या दिवशी, म्हणजे साधारण मार्च महिन्यात, विमानतळ पूर्ण २४ तास बंद असतो. रस्त्यावर गाडी नाही, माणूस नाही. त्या आठवड्यातलं लग्न असेल तर तारीख आधी पाहावी. अटलांटिकच्या बाजूच्या कॅरिबियन बेटांवर १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम, त्यातही ऑगस्टचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर जास्त धोक्याचा. ग्रीक बेटांवर भर उन्हाळ्यात मेल्तेमी नावाचे उत्तरेचे वारे सुटतात आणि ते जोरात असले की बोटी रद्द होतात, तेव्हा बोटीचा प्रवास लग्नाच्या दिवशी सकाळी ठेवू नये. व्हेनिसमध्ये चाकांच्या बॅगा पुलांच्या पायऱ्यांवर उचलूनच न्याव्या लागतात. इटलीतलंच पोझितानो तर जवळजवळ उभं गाव. हॉटेल नकाशावर रस्त्यापासून ऐंशी मीटर दिसतं आणि ते ऐंशी मीटर जिन्याचे असतात. सोबत गुडघे दुखणारं कुणी असेल तर हॉटेलला एकच प्रश्न विचारावा: गाडी थांबते तिथून खोलीपर्यंत किती पायऱ्या? नेमका आकडा मागितला की नेमकं उत्तर मिळतं.

घड्याळाचंही तसंच. शरीराला नव्या वेळेशी जुळायला ढोबळमानानं दर तासाच्या फरकाला एक दिवस लागतो आणि पूर्वेकडे गेलं तर पश्चिमेपेक्षा जास्त त्रास होतो, कारण झोप लांबवणं सोपं आणि लवकर झोपणं अवघड. सहा तासांच्या फरकानं पूर्वेला गेलेल्या माणसाला समारंभानंतरचं जेवण स्वतःच्या शरीराच्या दुपारी वाढलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाचा कार्यक्रम पहाटे चारला आल्यासारखा वाटतो. पोचल्यावर दिवसाउजेडी बाहेर हिंडावं, दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत आवरावी. वयस्कर पाहुण्यांसाठी तिसरी रात्र आधी मिळाली तर फार बरं. रात्री तीनला जाग येऊन अंधारात छताकडे पाहत बसलेल्या आजोबांना संध्याकाळी लग्नात डुलकी लागते, आणि मग त्यांनाच त्याचं वाईट वाटत राहतं.

नुकसानभरपाई मिळते, नाही असं नाही. युरोपियन युनियनमधून निघणारं विमान तीन तासांहून जास्त उशिरा पोचवतं तेव्हा, कारण कंपनीच्या हातातलं असेल तर, अंतरानुसार २५० ते ६०० युरो मागता येतात. पण त्या पैशांनी ती संध्याकाळ परत येत नाही.

कागदपत्रांबद्दल बोलताना लोक कंटाळतात, आणि लग्न हुकलेल्यांपैकी कितीतरी इथेच हुकलेले असतात. पासपोर्टवरची मुदत संपायला चार महिने आहेत म्हणून तो चालू आहे असं आपण समजतो. इंडोनेशिया, थायलंडसह अनेक देश प्रवेशाच्या दिवसापासून पुढे सहा महिने मुदत मागतात. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, नियम वेगळा: तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत उरलेली हवी, आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा. व्हिसा काढायचा असेल तर दोन कोरी पानंही हवीत. हे सगळं तपासणारा माणूस त्या देशाच्या दारात नसतो, तो तुमच्याच विमानतळावर चेक-इनच्या काउंटरमागे बसलेला असतो. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला त्याला परत आणावं लागतं, वर दंडही बसू शकतो, म्हणून तो काउंटरवरचा माणूस टिमॅटिक नावाच्या यादीत बघतो आणि तिथे ‘नाही’ दिसलं तर कितीही गयावया केली तरी बोर्डिंग पास देत नाही. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. निमंत्रणाची तारीख कळली त्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट काढून टेबलावर ठेवावेत. मुलांचे विशेषतः, कारण त्यांच्या पासपोर्टची मुदत अनेक देशांत मोठ्यांपेक्षा कमी असते आणि ती कुणाच्या लक्षात राहत नाही.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि सर्वसाधारणपणे किमान १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला १५ दिवस लागतात, चौकशी वाढली तर ४५. पण खरी अडचण या आकड्यांत नसते, अर्ज द्यायची वेळ मिळण्यात असते. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या वेळा आठवडेच्या आठवडे भरलेल्या असतात, म्हणून ‘१५ दिवस’ वाचून निवांत राहिलेला माणूस अडकतो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा लागतो. अर्जात लग्नाला जातोय हे सरळ लिहावं. यजमानांकडून साधं पत्र घ्यावं: नवरा-नवरीची पूर्ण नावं, तारखा, ठिकाणाचा पत्ता, तुमचं त्यांच्याशी नातं, आणि राहण्याचा खर्च कोण करतंय. सोनेरी अक्षरांची निमंत्रणपत्रिका जोडली तरी तिच्यात यातलं निम्मं नसतं. लग्नानंतर शेजारच्या देशात दोन दिवस जाऊन परत यायचा बेत असेल तर तो देश शेंगेनमध्ये आहे का बघावं. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे पण शेंगेनमध्ये नाही, आणि एकच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर एकदा बाहेर पडलं की परत येता येत नाही. १२ ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या सीमेवर बाहेरच्या प्रवाशांच्या बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नवी नोंदणी टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आहे. पहिल्या नोंदणीला वेळ लागतो, म्हणून तिथेच पुढचं विमान पकडायचं असेल तर त्या रांगेसाठी वेगळा तास धरावा. थायलंडनं १ मे २०२५पासून ऑनलाइन आगमन-पत्र सक्तीचं केलं आहे. ते पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं, आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं अधिकृत नसतात.

तिकिटावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर एक हवं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बहिणी, वहिन्या इथे फसतात: विमान कंपनीच्या खात्यात नवं नाव, पासपोर्टवर जुनं. मूल एकाच पालकाबरोबर किंवा आजी-आजोबांबरोबर जात असेल तर दुसऱ्या पालकाचं, शक्यतो नोटरी केलेलं, संमतिपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत जवळ हवी. गर्भवती पाहुणीला साधारण २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि एकच बाळ असेल तर बहुतेक कंपन्या ३६ आठवड्यांच्या पुढे घेत नाहीत. हे आठवडे परतीच्या दिवसाचे मोजायचे, हे बऱ्याच जणींच्या लक्षात येत नाही. पूर्व आफ्रिकेसारख्या भागात पीतज्वराच्या लशीचा दाखला लागू शकतो. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी तो लागू होतो. ११ जुलै २०१६पासून तो जन्मभर चालतो, म्हणजे जुन्या पिवळ्या पुस्तिकेवर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी पुन्हा टोचायची गरज नाही.

औषधांचं एवढंच सांगते: डब्यातून सुटी करून नेऊ नयेत. मूळ पाकिटात, औषधाच्या जेनेरिक नावासह लिहिलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबर, आणि सगळी हातातल्या बॅगेत. घरात सहज मिळणारी गोळी दुसऱ्या देशात गुन्हा ठरू शकते. जपानमध्ये सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणाच्या वर चालत नाही. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं नेण्याआधी परवानगी घ्यावी लागते. थायलंड आणि सिंगापूरमध्ये व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, बंदी आहे. मालदीवमध्ये दारू नेता येत नाही. भेट म्हणून नेलेली बाटली विमानतळावरच ठेवून घेतात.

आता बॅग.

लग्नात घालायचे कपडे विमानाच्या पोटातल्या सामानात द्यायचे नाहीत. या सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू दे. एक पूर्ण पोशाख, आतल्या कपड्यांपासून पायांतल्या वहाणांपर्यंत, हातातल्या बॅगेत. दोन-तीन समारंभ असतील तर मुख्य लग्नाचा. हातातल्या बॅगेला बहुधा ७ ते १० किलोंची मर्यादा असते आणि जड जरीकाम असलेला एक पोशाखच दोन-तीन किलो भरतो, म्हणून घरी तागडीवर ठेवून बघावं. घडी घालताना प्रत्येक घडीत पातळ, मऊ कागद किंवा ड्राय-क्लीनरची प्लास्टिकची पिशवी ठेवावी. सुरकुती कापड कापडावर दाबलं की पडते, मध्ये घसरणारं काही असलं की कमी पडते. पोचल्यावर बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर दहा मिनिटं सोडून कपडा दाराला टांगून ठेवला की उरलेल्या घड्या बऱ्याच उतरतात. कपडा पाण्याच्या तुषारांपासून लांब हवा, रेशमावर पाण्याचा थेंबसुद्धा डाग ठेवतो. एकत्र जाणाऱ्या जोडप्यानं किंवा बहिणींनी मोठ्या बॅगांमध्ये एकमेकींचे अर्धे-अर्धे कपडे ठेवावेत. एक बॅग हरवली तरी दोघींकडे काहीतरी असतं.

विमानाच्या दारात कधी कधी हातातली बॅगही काढून घेतात, वर जागा नाही म्हणून. त्या दोन मिनिटांच्या घाईत औषधं, पासपोर्ट, दागिने, पॉवर बँक आत राहतात. म्हणून या चार गोष्टी बॅगेच्या आत एका छोट्या पिशवीत असाव्यात, एका हातानं बाहेर खेचता येईल अशी. पॉवर बँक तशीही पोटातल्या सामानात चालत नाही. १०० वॅट-तासांपर्यंतची हातातल्या सामानात नेता येते, त्याहून मोठी, १६० पर्यंतची, कंपनीच्या परवानगीनं. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक म्हणजे ३.७ व्होल्टनं गुणून ७४ वॅट-तास, ती चालते. काही देशांत आकडे पुसट झालेली पॉवर बँक सरळ काढून घेतात.

केस सरळ करायच्या यंत्राच्या वायरीजवळ बारीक अक्षरांत ‘१०० ते २४० व्होल्ट’ लिहिलंय का बघावं. युरोपात २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. नुसता अडॅप्टर प्लगचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. १२० व्होल्टचं यंत्र २३० च्या भिंतीत खोचलं तर ते काही सेकंदांत जळतं, आणि ते जळतं नेमकं लग्नाच्या दिवशी दुपारी, कारण त्याआधी कुणी ते लावलेलं नसतं. उलट असेल तर ते कोमट होऊन बसतं. लग्नाच्या दोन दिवस आधी एकदा लावून बघावं.

बॅग आली नाहीच, तर पट्टा थांबल्यावर विमानतळाबाहेर पडायचं नाही. तिथल्याच काउंटरवर तक्रार, जिला पीआयआर म्हणतात, नोंदवून तिचा क्रमांक घ्यायचा. हॉटेलचा पत्ता आणि तुम्ही तिथे कोणत्या तारखेपर्यंत आहात हे लिहायचं, नाहीतर बॅग तुमच्या मागे हॉटेलांतून फिरत राहते. बॅगेचा बाहेरून आणि उघडून आतून काढलेला फोटो फोनमध्ये असला की वर्णन सोपं जातं; ‘काळी, मध्यम आकाराची’ अशा तिथे ढिगानं असतात. मॉन्ट्रियल कराराखाली विमान कंपनीची जबाबदारी एका प्रवाशामागे १,५१९ एसडीआरपर्यंत असते. २८ डिसेंबर २०२४ आधी ती १,२८८ होती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे. बॅग फाटली-तुटली असेल तर हातात आल्यापासून ७ दिवसांत, उशिरा आली असेल तर २१ दिवसांत लेखी दावा करावा लागतो, आणि मधल्या काळात घेतलेल्या कपड्यांच्या पावत्या जपाव्या लागतात. मावशीनं काहीच विकत घेतलं नाही. बॅग कधीही येईल असं तिला तासातासाला सांगितलं जात होतं, आणि ‘कधीही येईल’ ऐकत ऐकत दुकानं बंद झाली. तिनं खरं तर पहिल्याच संध्याकाळी साधासा पोशाख घ्यायला हवा होता. पण मन तसं चालत नाही, येणाऱ्या वस्तूची जागा दुसऱ्या वस्तूला देववत नाही.

जागेचा पोत निमंत्रणात लिहिलेला असतो, फक्त तसा वाचायला हवा. ‘हिरवळीवर’ म्हणजे टोकदार टाचा जमिनीत रुतणार. रुंद टाच घ्यावी किंवा टाचेला लावायच्या प्लास्टिकच्या टोप्या मिळतात त्या. ‘वाळूवर’ म्हणजे सपाट आणि पटकन काढता येणारं काहीतरी. संध्याकाळी पाण्याजवळ डास हमखास असतात, आणि नेमकी तीच लग्नाची वेळ. आधी सनस्क्रीन, ती मुरल्यावर वरून डासांचं मलम, हा क्रम. डासांच्या मलमातल्या डीटनं रेयॉन, स्पँडेक्ससारखी कापडं, प्लास्टिकचे खडे आणि नखांचा रंग खराब होतो, म्हणून कपडे घालण्याआधी लावून, वाळू देऊन, हात धुवावेत. पलाऊमध्ये आणि हवाईत प्रवाळाला अपाय करणाऱ्या ऑक्सिबेन्झोनसारख्या द्रव्यांच्या सनस्क्रीनवर निर्बंध आहेत. झिंक ऑक्साइडची घेतली की प्रश्न उरत नाही.

भेटवस्तू बांधून नेऊ नये. सुरक्षा तपासणीत ती उघडायला लावतात, आणि मग तिथेच, उलगडलेला कागद हातात धरून उभं राहावं लागतं. शिवाय जे तुम्ही इतक्या लांब नेता ते नवरा-नवरीला तितकंच लांब परत आणायचं असतं, आणि त्यांच्या बॅगा आधीच भरलेल्या असतात. भेट त्यांच्या घरी, ते परतल्यानंतर पाठवावी. पाकीट द्यायचं असेल तर त्यावर नाव लिहावं आणि गर्दीत त्यांच्या हातात न देता घरच्या ठरलेल्या माणसाकडे द्यावं.

राहण्याबद्दल थोडंच. यजमानांनी हॉटेलमध्ये खोल्या राखून ठेवल्या असतील तर त्यांची एक शेवटची तारीख असते. ती गेली की खोल्या मोकळ्या होतात आणि दर बदलतो. काही करारांत खोल्या भरल्या नाहीत तर फरक यजमानांना भरावा लागतो, हे पाहुण्यांना कुणी सांगत नाही. जवळच स्वस्त घर मिळालं म्हणून तिथे जायचं ठरवलं तर ते लवकर कळवावं, आणि रात्री एक वाजता तिकडून परत कसं यायचं याची सोय आधी करावी. हॉटेल कार्डावर अनामत रक्कम अडकवून ठेवतं. डेबिट कार्ड दिलं तर ते पैसे कितीतरी दिवस हाताशी राहत नाहीत. कार्ड यंत्रावर ‘तुमच्या चलनात की स्थानिक चलनात’ असं विचारलं की नेहमी स्थानिक. भाड्याच्या स्कूटरचा मोह आवरावा. आपल्याकडे दुचाकीचा परवाना आणि त्याचा आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर अपघातात विमा हात वर करतो. विमा घेताना हेही वाचावं की लग्नच रद्द झालं तर पैसे मिळतात का. साध्या प्रवास-विम्यात बहुतेक वेळा ते नसतं.

आणि एक गोष्ट मोठ्यानं बोलली जात नाही. असं निमंत्रण आलं की आनंदाबरोबर पोटात एक गोळाही येतो. रजा, पैसे, मुलांची परीक्षा, सासऱ्यांची तब्येत. ज्याच्या लग्नाला आपण तीन गल्ल्या ओलांडून चालत गेलो असतो त्याच्यासाठी आता तीन देश ओलांडायचे. दोन्ही भावना खऱ्या असतात, आणि त्यामुळे उत्तर लांबणीवर पडतं. उशिरा दिलेला नकार यजमानांना लवकर दिलेल्या नकारापेक्षा कितीतरी जास्त महागात पडतो, कारण बस, खोल्या, खुर्च्या सगळं माणसं मोजून ठरवलेलं असतं. जमणार नसेल तर दोन आठवड्यांत फोन करून सांगावं, ‘अगं, यायची फार इच्छा आहे, पण जमत नाहीये’ एवढंच. कारणांची यादी दिली की समोरचा त्या प्रत्येक कारणावर उपाय सुचवायला लागतो, आणि दोघंही अवघडतात.

जायचं ठरलं की नवरीला फोन करणं थांबवावं. शेवटच्या तीन दिवसांत तिला चाळीस पाहुण्यांचे तेच तीन प्रश्न येत असतात: गाडी किती वाजता, कपडे कोणते, वायफायचा पासवर्ड काय. घरातला एक भाऊ, एक काका, कुणीतरी एक माणूस या प्रश्नांसाठी नेमलेला असावा, नसेल तर पाहुण्यांनीच आपसात नेमावा. मावशीनं हे फार नेटकं केलं होतं. बॅग आली नाही हे तिनं नवरीला लग्न लागेपर्यंत कळू दिलं नव्हतं. शाल नवऱ्याच्या आत्यानं दिली होती, लिफ्टमध्ये, गळ्यातून काढून.

परतीचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं घेऊ नये. रात्री दोनपर्यंत जागलेली माणसं पहाटे पाचला बॅगा ओढत निघतात, चार्जर खोलीत राहतात, निरोप घ्यायचे राहतात. शिवाय लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची दुपार हीच या सगळ्या प्रवासातली सगळ्यात मोकळी वेळ असते. नवरा-नवरी पहिल्यांदाच बसलेले असतात, कुणाला कुठे पोचायचं नसतं, कालच्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात.

त्या लग्नातले बरेचसे लोक सकाळीच निघून गेले होते. मावशीचं विमान तिसऱ्या दिवशीचं होतं. दुपारी तीनला हॉटेलच्या माणसानं तिची बॅग खोलीबाहेर आणून ठेवली, हँडलला तीन विमानतळांच्या चिठ्ठ्या. तिनं ती उघडली, निळा पोशाख काढला, घडीतले कागद एकेक करून बाजूला केले आणि बाथरूमच्या दाराला टांगून गरम पाण्याचा नळ सोडला. रात्रीच्या जेवणाला उरलेली नऊ माणसं होती, बाकी सगळे चपला-टी-शर्टमध्ये. ती तो निळा पोशाख घालून, केस बांधून आली. नवरी उठली, तिला खुर्चीवरून उठवून दिव्याखाली उभं केलं आणि फोनवर एक फोटो काढला. त्यात मावशी मधोमध आहे.